दोन रविवारांच्या बदल्यात एक मुक्काम

गोंदियात वकिली करणाऱ्याला तीन राज्यांची माणसं रोज भेटतात. बाघ नदी ओलांडली की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा, सालेकसा-दरेकसाचं जंगल मागे टाकलं की छत्तीसगड. लग्नं जुळवताना ही हद्द कुणी मोजत नाही. पोवारांच्या, लोध्यांच्या, कलारांच्या, कुणब्यांच्या सोयरिकी लांजी, बालाघाट, राजनांदगाव, दुर्गपर्यंत पसरलेल्या आहेत आणि त्या जुन्या आहेत. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच राज्यात होता, राजधानी नागपूर होती. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा निघाला १ मे १९९९ ला, छत्तीसगड राज्य झालं १ नोव्हेंबर २००० ला. आमच्याकडच्या कितीतरी आज्यांच्या माहेरचं राज्य त्यांच्या डोळ्यांदेखत बदललं, माहेर तिथंच राहिलं.

लग्न मोडतं आणि घरात लहान मूल असतं, तेव्हा मात्र ही हद्द एकदम समोर येऊन उभी राहते. कारण घटस्फोट झाल्यावर बहुतेक बायका माहेराच्या आधाराला जातात, किंवा जिथं काम मिळेल तिथं जातात. आमच्या भागात काम मिळतं ते नागपूरला नाहीतर दुर्ग-भिलाई-रायपूरला. नागपूरला गेलं तर राज्य तेच. भिलाईला गेलं तर राज्य वेगळं, उच्च न्यायालय वेगळं, शाळेच्या सुट्ट्या वेगळ्या. आणि हातात असलेला तडजोडीचा कागद मात्र गोंदियाच्या हिशोबाने लिहिलेला.

मी वकिली करते आणि न्यायालयाने पाठवलेल्या प्रकरणांत मध्यस्थ म्हणूनही बसते. मध्यस्थाला चाळीस तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. खोलीत ऐकलेलं खोलीतच ठेवायचं, न्यायाधीशांनाही सांगायचं नाही, हे त्यात पहिल्यांदा शिकवतात. म्हणून पुढे जे घर येईल ते कुणा एकाचं घर नाही. दोन-तीन घरांतल्या गोष्टी एकत्र आणल्या आहेत, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. कायदा, गावं आणि रेल्वेगाड्या तेवढ्या जशा आहेत तशाच ठेवल्या आहेत.

नवरा राइस मिलमध्ये ऑपरेटर, बायको खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स. परस्पर संमतीने, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली घटस्फोट झालेला. मुलगा तेव्हा सात वर्षांचा. ताबा आईकडे. वडिलांना महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच भेट, पोळा आणि तान्हा पोळा वडिलांकडे, दिवाळीची अर्धी सुट्टी, उन्हाळी सुट्टीचे शेवटचे पंधरा दिवस, श्रावणातला एक सोमवार नागऱ्याच्या महादेवाला नेण्यासाठी. दोन्ही घरं गोंदिया शहरातच, सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर. व्यवस्था नीट चालली होती. मग आईला भिलाईत जास्त पगाराची नोकरी मिळाली, तिथं तिची मोठी बहीणही राहते. छत्तीसगडमधल्या शाळा साधारण १६ जूनला उघडतात, म्हणून तिने जूनच्या सुरुवातीलाच घर हलवलं. नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं तर तो अडवेल अशी तिला भीती होती.

वडील दुसऱ्या रविवारी दहा वाजता दारात उभे राहिले तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, सामान गेलं बुधवारी.

हे सांगताना तो माणूस अजूनही त्या दाराशीच उभा असल्यासारखा बोलायचा. कुणीतरी त्याला पोलिसांत अपहरणाची तक्रार कर असंही सुचवलं होतं. असं सुचवणारे लोक फार असतात. ज्या आईकडे न्यायालयानेच ताबा दिलेला आहे, तिने मुलाला सोबत नेलं म्हणून अपहरण होत नाही. पण कायद्याने गुन्हा झाला नाही म्हणजे काहीच झालं नाही, असंही नाही. करारनाम्यात दुसऱ्या गावी जाण्याबद्दल एक ओळही नव्हती. अशा करारनाम्याचं पालन करायचं तर वडिलांनी महिन्यातून दोनदा भिलाईला जाऊन संध्याकाळी पाचला परतायचं, किंवा मुलाने दोनदा गोंदियाला यायचं. दुर्ग इथून सुमारे १३५ किलोमीटर, भिलाई त्याच्या पुढे. सात तासांच्या भेटीसाठी सहा-सात तासांची धावपळ, तीही गाडी वेळेवर असली तर.

वडिलांनी गोंदियाच्या न्यायालयात अर्ज केला, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली. हे कलम फार कामाचं आहे आणि सामान्य माणसाला जवळजवळ माहीतच नसतं. घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यानंतरही मुलांचा ताबा, पोषण आणि शिक्षण याबद्दलचे आदेश न्यायालय वेळोवेळी बदलू शकतं, थांबवू शकतं, रद्द करू शकतं. वडिलांची मागणी होती की ताबाच आपल्याकडे द्यावा. आईच्या वकिलांनी उत्तर दिलं की मूल आता दुर्ग जिल्ह्यात राहतं, १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम ९ प्रमाणे मूल जिथं सामान्यतः राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयाचा अधिकार चालतो, तेव्हा भांडण तिकडे न्यावं.

दोन्ही बाजूंना आधार होता. एक दार जुन्या हुकूमनाम्याचं, एक दार मुलाच्या नव्या पत्त्याचं. 'सामान्यतः राहतं' म्हणजे किती दिवस राहिलं की, यावर देशभरात न्यायालयांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. रुची माजू विरुद्ध संजीव माजू या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा प्रश्न नुसत्या कायद्याचा नाही, वस्तुस्थितीचाही आहे. प्रत्येक घरात काय घडलं ते बघूनच ठरवावा लागतो. म्हणजे पुरावा आला, साक्षी आल्या, तारखा आल्या.

आणि यात आमच्या जिल्ह्याची एक खास अडचण आहे. गोंदियाचा खटला भंडाऱ्याला किंवा नागपूरला वर्ग करून हवा असेल तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे अर्ज चालतो. पण तोच खटला बालाघाटला किंवा दुर्गला न्यायचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ प्रमाणे थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं. बालाघाट गोंदियाहून रेल्वेने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. लोक तिथं बाजाराला जातात, दवाखान्यात जातात. पण खटला तिथं न्यायचा तर दिल्ली. मार्च २०१७ मध्ये कृष्णा वेणी नागम यांच्या प्रकरणात, जिथं नवऱ्याने जबलपूरला दावा टाकला होता आणि बायको हैदराबादला होती, सर्वोच्च न्यायालयाने असे खटले वर्ग करण्याऐवजी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने चालवावेत असा मार्ग दाखवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संथिनी प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो बाजूला सारला. आधी समोरासमोर समेटाचा प्रयत्न व्हावा, तो फसला आणि दोघांनी मागितलं तर व्हिडिओचा विचार करावा, असं सांगितलं. कौटुंबिक प्रकरणात माणसं एका खोलीत बसावीत, यामागची कळकळ मला समजते. पण मिलच्या हंगामात एक दिवसाची हजेरी बुडवणाऱ्या माणसाला आणि रात्रपाळी करून सकाळची गाडी पकडणाऱ्या नर्सला त्या एका खोलीत येण्याची किंमत काय पडते, हे रोजनाम्यात कुठं लिहिलं जात नाही.

अधिकारक्षेत्राचा वाद सुरू व्हायच्या आधीच न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीला पाठवलं आणि तोपर्यंत अंतरिम म्हणून जुनेच दोन रविवार चालू ठेवायला सांगितले.

पहिल्या बैठकीत दोघांनाही एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: जिंकणार कोण? वडिलांना वाटत होतं, तिने न सांगता मूल नेलं म्हणून आता ताबा आपल्याला मिळेल. आईला वाटत होतं, नोकरीसाठी गेले हीच माझी चूक ठरवली जाईल, आणि मग नोकरी आणि मूल यातलं एक सोडावं लागेल. मध्यस्थाने कायद्याचा सल्ला द्यायचा नसतो, पण निकाल काय सांगतात ते दोघांसमोर ठेवता येतं. मी दोन निकाल सांगितले.

एक विक्रम वीर वोहरा विरुद्ध शालिनी भल्ला, २०१० चा. दिल्लीचं जोडपं, परस्पर संमतीने घटस्फोट, मुलगा आईकडे, वडिलांना भेटीचा हक्क. पुढे आईला ऑस्ट्रेलियात संधी मिळाली आणि तिने मुलाला नेण्याची परवानगी मागितली. वडील म्हणाले, संमतीने ठरलेलं आता बदलता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलाच्या ताब्याचा आदेश कधीच कायमचा आणि ताठर नसतो, तो संमतीने झालेला असला तरी मुलाच्या हितासाठी बदलता येतो. आईला आपलं काम, आपली वाट निवडण्याचा हक्क आहे आणि मूल की नोकरी अशी निवड तिच्यावर लादता येत नाही. मुलगा आईसोबत गेला आणि वडिलांच्या भेटीची व्यवस्था नव्याने ठरली. हे ऐकून आईचे खांदे सैल झालेले मला दिसले.

दुसरा निकाल आपल्याच मराठी माणसांचा आहे, धनवंती जोशी विरुद्ध माधव उंदे. आई १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनहून तान्ह्या बाळाला घेऊन भारतात आली. तिथल्या न्यायालयाचे आदेश वडिलांच्या बाजूने, इथं मुंबईत वर्षानुवर्षं भांडण. नोव्हेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताबा आईकडे ठेवला, कारण तोवर मुलगा बारा वर्षांहून जास्त काळ तिच्यापाशी वाढला होता. त्यातही न्यायालयाने हेच म्हटलं की ताब्याचे आदेश बदलू शकतात. पण ज्याला बदल हवा त्याने परिस्थिती बदलली आहे आणि नवी व्यवस्था मुलाच्या भल्याची आहे, हे दोन्ही दाखवायला हवं. वडील शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे मॅडम, चौदा वर्षं भांडले आन् तोवर पोरगा मोठाच झाला नं?"

तेच मला त्यांना दाखवायचं होतं. मुलाचं वय तारखेची वाट बघत नाही. ज्याच्याजवळ मूल आहे त्याची बाजू नुसत्या वेळाने भक्कम होत जाते, आणि ज्याच्याजवळ नाही त्याचं बापपण नुसत्या वेळाने विरळ होत जातं. हद्दीपलीकडे गेलेल्या मुलाच्या बाबतीत हे फार लवकर घडतं. गाडी चुकली, परीक्षा आली, पाऊस लागला. तीन भेटी बुडाल्या की चौथ्या भेटीला पोरगं आईच्या पदराआडून बघतं. त्या बापाने मला विचारलं होतं, "मी का त्याले पावना झालो का आता?" यावर उत्तर द्यायला माझ्याकडे निकाल नव्हता.

माझं ठाम मत आहे की आपल्याकडे संमतीचे करारनामे उलट्या क्रमाने लिहिले जातात. स्त्रीधन, भांडी, पोटगीची एकरकमी, मोटारसायकल कुणाच्या नावावर, यावर बैठकी होतात, मामा-काका येतात, आवाज चढतात. मुलाचा परिच्छेद शेवटी येतो, चार ओळींचा, तोही मागच्या कुणाच्या तरी पुरसिसवरून, म्हणजे न्यायालयात दिलेल्या लेखी निवेदनावरून, उतरवलेला. सीमेवरच्या जिल्ह्यात, जिथं दोघांपैकी एकजण कधीतरी हद्द ओलांडणार हे दिसत असतं, तिथं "पत्ता बदलला तर काय" हे कलम नसलेला करारनामा न्यायालयासमोर ठेवूच नये. विधी आयोगाने मे २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात पालकत्वाच्या कायद्यात सुधारणा सुचवल्या, त्यात आई-वडिलांपैकी कुणी दुसरीकडे राहायला गेलं तर काय करावं याचाही विचार आहे. कायदा अजून बदललेला नाही. पण करारनाम्यात ते लिहायला कायदा बदलण्याची वाट कशाला बघायची?

पुढच्या बैठकीला मी दोघांना आपापल्या घरचं कॅलेंडर आणायला सांगितलं. वडील कालनिर्णय घेऊन आले, आई लाला रामस्वरूपचं पंचांग. गोंदियात दोन्ही विकली जातात, पुष्कळ घरांत दोन्ही भिंतीवर असतात. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्यावर जुना करारनामा कुठं कुठं फाटला आहे ते न बोलता दिसायला लागलं. आपला श्रावण अमावास्येला संपतो, तिकडचा सावन पौर्णिमेला संपतो आणि पंधरा दिवस आधी सुरू होतो. "श्रावणातला एक सोमवार" कोणत्या श्रावणातला? उन्हाळी सुट्टीचं तर त्याहून अवघड. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे "सुट्टीचे शेवटचे पंधरा दिवस" म्हणजे वडिलांच्या हिशोबाने जूनचा मधला आणि शेवटचा आठवडा. आईच्या हिशोबाने तोवर शाळा सुरू होऊन गेलेली. दोघंही कागदाप्रमाणे वागत होते आणि दोघंही एकमेकांना खोटं समजत होते.

पोळ्यापाशी वडील अडले. तान्हा पोळा सोडणार नाही म्हणाले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात, खाऊ-पैसे मिळतात. या माणसाने मुलाच्या पहिल्या वर्षीच सुताराकडून सागवानी नंदी करून घेतला होता. तिकडे गेल्यावर पोराला हे काय कळणार, असं त्याला वाटत होतं. आई म्हणाली, "तिकडेही त्याच दिवशी पोळा असतो. मुलं मातीचे बैल ओढतात. त्याने मागच्या वर्षी मावशीकडे ओढला." वडिलांना हे माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसाची सुट्टी मात्र तिकडे नसते, तेव्हा त्या एका दिवसाचा रजेचा अर्ज आई शाळेत देईल असं ठरलं. ते कलम लिहायला पाच मिनिटं लागली. आदल्या बैठकीत त्याच पोळ्यावरून दोघं उठून गेले होते.

मुलाशी बोलायला दोघांचीही हरकत नव्हती. कायद्यातही, पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ मध्ये, मूल समजून मत देण्याएवढं मोठं असेल तर न्यायालय त्याचं मत विचारात घेऊ शकतं असं म्हटलं आहे. मी त्याला कुणाकडे राहायचं ते विचारलं नाही, विचारायचंही नसतं. येण्या-जाण्याचं विचारलं. अंतरिम आदेशाप्रमाणे तो रविवारी येत होता. अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत म्हणाला, पहाटे उठावं लागतं, गाडीत झोप येते, बाबांकडे जेवलो की निघायची वेळ होते. "शनिवारी आलो तर रात्री राहता येईल ना?"

वडिलांकडे रात्रीचा मुक्काम जुन्या करारनाम्यात फक्त सुट्टीत होता, आणि सुट्टीतही आई कुठलं ना कुठलं कारण काढून तो टाळत होती. का, ते कागदात नव्हतं. मी दोघांशी वेगवेगळं बोलले तेव्हा ते बाहेर आलं. मुलाला दमा आहे. रात्री-अपरात्री धाप लागते. वडील मिलच्या वस्तीत राहतात. धानाचा हंगाम सुरू झाला की तिथं कोंड्याची धूळ खिडकीच्या गजांवर बसलेली असते. आई नर्स आहे, तिला नेमकं माहीत आहे की रात्री दोन वाजता काय होऊ शकतं. तिला नवऱ्याचा राग नव्हता इतकी त्या रात्रीची भीती होती. आणि नवऱ्याला वाटत होतं की ती मुद्दाम तोडते आहे.

तिची परवानगी घेऊन मी हे एकत्र बैठकीत काढलं. ती काही बोलली नाही. पर्समधून तिने इनहेलर आणि स्पेसर काढला, तो पारदर्शक प्लास्टिकचा नळकांडीसारखा तुकडा, आणि टेबलावर ठेवला. मग नर्स जशी दवाखान्यात नातेवाइकांना शिकवते तशी शिकवायला लागली. आधी इनहेलर हलवायचा. स्पेसरच्या मागच्या तोंडात बसवायचा. पुढचं तोंड ओठांत घट्ट. एक दाब, मग सावकाश पाच-सहा श्वास. लगेच दुसरा दाब द्यायचा नाही, थोडं थांबायचं. रोजचं जे औषध आहे त्यानंतर चूळ भरायला लावायची. निळा कधी, दुसरा कधी. ओठ काळेनिळे वाटले, बोलताना वाक्य तुटायला लागलं, तर फोन नंतर, आधी दवाखाना.

वडिलांनी तो स्पेसर हातात घेतला. बोटांच्या पेरांत कोंड्याचा पिवळसर रंग बसलेला होता. त्यांनी एकदा करून दाखवलं, तिने दाब चुकीच्या वेळी पडतो म्हणून हात धरून दुरुस्त केलं, मग पुन्हा. "हे मला कधी कोणी दाखवलंच नाही," ते म्हणाले. बाहेर व्हरांड्यात पुढच्या प्रकरणाची माणसं वाट बघत होती. मी त्यांना अजून वेळ लागेल म्हणून सांगितलं.

त्यानंतर व्यवस्था उभी राहायला फार वेळ लागला नाही. दोन रविवारांच्या ऐवजी महिन्यातून एक शनिवार-रविवार, मुक्कामासह. मुक्काम मिलच्या खोलीत नाही, आजीच्या घरी, आमगावच्या रस्त्याला, जिथं धूळ नाही. मुलाला मिलमध्ये न्यायचं नाही. स्पेसरचा एक जोड वडिलांकडे कायम. उन्हाळी सुट्टी मे महिन्यातच, तारखा घालून, म्हणजे कुठली शाळा कधी उघडते याचा प्रश्नच उरणार नाही. सणांच्या तिथ्या काढून टाकल्या, त्या जागी दर जानेवारीत दोघांनी दोन्ही कॅलेंडरं समोर ठेवून तारखांची यादी करायची. पूर्वी वडिलांना महिन्याला चौदा तास मिळत होते, सगळे दिवसाउजेडाचे. आता त्यांना एक रात्र मिळाली, म्हणजे जेवण, अंथरूण, सकाळची आंघोळ आणि शाळेचा अभ्यासही. अंतर वाढलं की भेटी कमी होणार हे कुणालाच टाळता येत नाही. त्याची भरपाई भेटीच्या लांबीने आणि खोलीने करावी लागते. असे बदल मागायला येणाऱ्या प्रत्येक बापाला मी हे सांगते: भेटींची संख्या धरून बसू नका, मुक्काम मागा.

अदलाबदल कुठं करायची यावर बराच खल झाला. भिलाईच्या दारात वडिलांना जायचं नव्हतं, गोंदियाच्या जुन्या गल्लीत आईला यायचं नव्हतं. वडिलांनीच डोंगरगड सुचवलं. गोंदियाहून सत्तरेक किलोमीटर, दुर्गहूनही जवळपास तेवढंच, दोन्हीकडून मेमू मिळते. प्रत्येकाने आपलं तिकीट आपण काढायचं. पण डोंगरगड म्हणजे बम्लेश्वरी देवीचं ठाणं. चैत्र आणि आश्विन नवरात्रांत त्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते, मुलाचा हात सुटायची भीती. म्हणून त्या दोन पंधरवड्यांत अदलाबदल दुर्ग स्टेशनवर, वडील तिथवर येतील. गाडी रद्द झाली तर सकाळी सातच्या आत निरोप, आणि भेट बुडाली असं न धरता पुढच्या शनिवारी सरकवायची. हे शेवटचं कलम मी आग्रहाने घालून घेतलं. या मार्गावर पॅसेंजर गाड्या महिनोन् महिने बंद राहिलेल्या आम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत, आणि रद्द गाडीचा राग माणसं एकमेकांवर काढतात.

फोनचंही ठरलं. यशिता साहू प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की मुलाला आई आणि वडील दोघांच्याही प्रेमाचा हक्क आहे, आणि वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत राहणाऱ्या पालकांच्या बाबतीत भेटीइतकाच संपर्कही महत्त्वाचा. ज्याच्याकडे ताबा नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता आलं पाहिजे. आम्ही रोज रात्री आठ ते सव्वाआठ धरले, मावशीच्या मोबाइलवर, म्हणजे आईची रात्रपाळी आड येणार नाही. एक अट दोघांनी मिळून घातली: फोनवर दुसऱ्या घराची चौकशी करायची नाही.

आणि शेवटी ते कलम, जे पहिल्याच करारनाम्यात हवं होतं. कुणीही पत्ता किंवा मुलाची शाळा बदलणार असेल तर किमान तीन महिने आधी लेखी कळवायचं. मुलाला हलवण्याआधी दोघांनी एकदा बसायचं. जमलं नाही तर मध्यस्थी. तेही फसलं तरच न्यायालय. शाळेचं वर्ष मध्येच तोडायचं नाही.

तडजोडीची पुरसिस दाखल झाली. न्यायाधीशांनी दोघांना प्रत्येक कलम वाचून दाखवलं, समजलं का विचारलं, आईला विशेष करून दमट हवेच्या दिवसांबद्दल विचारलं, आणि कलम २६ खाली जुना आदेश बदलला. ताबा आईकडेच राहिला. वडिलांचा ताब्याचा अर्ज मागे घेतला गेला. हे प्रकरण गोंदियात मिटलं म्हणून दुर्ग की गोंदिया हा वाद उरला नाही. उद्या पुन्हा भांडण झालंच आणि तोवर मुलगा चार-पाच वर्षं भिलाईत राहिलेला असला तर तिथल्या न्यायालयाचा दावा भक्कम होईल, हेही मी दोघांना स्पष्ट सांगितलं. आणि एक गोष्ट मी प्रत्येक बाईला सांगते तशी तिलाही सांगितली: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, दुर्गलाही आणि गोंदियालाही. पुढच्या वेळी कुलूप लावण्याआधी त्या दारावर जा.

मध्यंतरी तिचा फोन आला. तिने भिलाईतच घर बदलायचं ठरवलं होतं, शाळा तीच राहणार होती. तीन महिने आधी पत्र लिहायचं ते रजिस्टरने की व्हॉट्सअॅपवर चालेल, एवढंच तिला विचारायचं होतं. मी म्हटलं, दोन्ही करा. काही दिवसांनी वडील न्यायालयाच्या आवारात भेटले, मिलच्या कसल्याशा कामासाठी आले होते. पत्र मिळालं म्हणाले. त्यांनी उत्तरही दिलं होतं: नवं घर पॉवर हाऊस स्टेशनजवळ आहे, तर नवरात्रात दुर्गऐवजी तिथवरच आलो तर चालेल का.